सहा वाजून दहा मिनिटांचं फूल

काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे दात केले. दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती, एका खिडकीची, आणि त्या खिडकीशी बसून त्यांनी अडतीस वर्षं कवळ्या केल्या. खालून प्लॅस्टरचा साचा यायचा. काका त्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायचे, एकेक दात बसवायचे, आणि तयार कवळी डबीत घालून खाली पाठवायचे. कवळी नीट बसली की डॉक्टरांचं कौतुक, टोचली की काकांच्या नावाने खडे फोडणं, हा तिथला रिवाज. काकांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ते म्हणायचे, मापात लबाडी केली तर ती दुसऱ्याच्या तोंडात टोचते, आपल्या नाही, म्हणून मापात लबाडी करायची नाही. सगळे त्यांना कवळीकाका म्हणत, आणि पुढे पुढे नुसतं काका.

या कामाने त्यांना एक सवय लावली होती. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता ते तोंडाकडे बघत. ओठ कुठे आत जातो, जबडा कुठल्या बाजूला झुकतो, हसताना कुठला कोपरा मागे राहतो, हे त्यांना बघता क्षणी कळायचं. नव्या माणसाला वाटे, काय हा माणूस, आपल्या दाताला काही अडकलंय की काय.

निवृत्त झाल्यावर महिनाभर ते घरात इकडून तिकडे फिरले आणि काकूंच्या पायात पायात आले. शेवटी काकूंनी त्यांना मागच्या अंगणात हाकललं. अंगणात होतं काय, तर कपडे वाळत घालायची दोरी आणि तण. त्याच सुमाराला गणिताच्या एक निवृत्त मास्तरीणबाई कवळी घासून घ्यायला घरी आल्या. जाताना त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि अंगठ्याएवढं एक बी काकांच्या हातावर ठेवलं. मास्तरीणबाई राक्षसी भोपळे लावायच्या, चार माणसांनाही न उचलणारे. तीस वर्षं मुलांना भोपळे दिले, आता पिकवते, असं त्या स्वतःच सांगायच्या आणि दुसऱ्याला हसायला वेळ न देता पुढचं बोलायच्या.

त्यांची अकरा जणांची मंडळी होती. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायची. बाहेरच्याला वाटायचं, यांचा सगळा जीव वजनात असेल. तसं नव्हतं. यांचा जीव होता बियांत, आणि बियांच्या वंशावळीत. कुठल्या भोपळ्याची आई कोण, बाप कोण, आजी कोण, हे मास्तरीणबाईंच्या लांबलचक वहीत लिहिलेलं असायचं, आणि ज्याचा बाप ठाऊक नाही त्याच्या बियांना तिथे कुणी विचारायचं नाही.

बाप ठाऊक असावा म्हणून फार उपद्व्याप करावे लागतात. भोपळ्याच्या वेलावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या खाली लिंबाएवढा गोळा असतो, तोच पुढे भोपळा. हे फूल एकाच सकाळी उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. त्या चार तासांत मधमाशी कुणाच्या अंगणातले पराग घेऊन येईल, सांगता येत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी उद्याचं फूल ओळखायचं, टोकाशी दोऱ्याने बांधून टाकायचं, आणि पसंतीच्या वेलावरची दोन नर फुलंही तशीच बांधायची. पहाटे माश्यांच्या आधी जायचं. नर फुलाच्या पाकळ्या सोलून टाकायच्या, मधली परागांची दांडी मोकळी करायची, मादी फुलाचा दोरा सोडायचा, आणि ती दांडी आतल्या फुगीर पाळ्यांवर अलगद फिरवायची. मग फूल पुन्हा बांधायचं आणि देठाला कागद अडकवायचा. कागदावर आई, बाप, तारीख आणि वेळ. मास्तरीणबाईंचा नियम कडक होता. वेळ तिथल्या तिथे लिहायची, पेन्सिलने, वेलाजवळ उभं राहून. घरात जाऊन चहा पिऊन आठवून लिहिलेली वेळ त्या चूक धरायच्या.

या कामात काकांचा हात असा काही बसला की बोलायची सोय नाही. इतरांच्या हातून पाळी चेमटायची, पाकळी फाटायची. काका दात साफ करायचा मेणाचा दोरा वापरायचे, आणि त्यांनी बांधलेली गाठ वाऱ्याने सुटली नाही की माशीला सापडली नाही. भल्या पहाटे मंडळींपैकी कुणाचा तरी फोन यायचा, काका, फूल आहे, येता का. काका सायकलला टांग मारून निघायचे. काकू म्हणायच्या, लोकांची जुळवून देता देता हे एक दिवस दक्षिणा मागतील.

तर दोन वर्षांपूर्वी काकांच्या स्वतःच्या अंगणात चारशे अडतीस किलोंचा भोपळा झाला. आई तोच वेल, बाप तोच वेल, बाहेरचं काही नाही. मास्तरीणबाईंनी वहीत लिहिलं ‘कवळी चारशे अडतीस’, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर काकांचं नाव लागलं. तेही खरं तर टोपणनाव, पण काका त्यावर खूश होते. बिया सगळ्यांनी मागून नेल्या. यंदा पाच अंगणांत त्या लावल्या गेल्या.

पण त्याच वर्षी घरात दुसरंही काही झालं होतं. एका सकाळी काकूंच्या मेंदूतली एक नस बंद पडली. जीव वाचला, बोलणंही महिन्याभरात ताळ्यावर आलं. उजवा हात मात्र गेल्यात जमा झाला. तो खांद्यापासून आहे, दिसतो, पण चमचा धरत नाही. काकू आधी शिवणकाम करायच्या. मशीन अजून खिडकीशी आहे, वर फुलदाणी ठेवलेली. मुलगी तेव्हा परगावी होती, ती त्याच दुपारी धावत आली, आणि पुढे नोकरी बदलून दोन गल्ल्या सोडून राहायलाच आली. बाबा होते म्हणून आई वाचली, हे ती येईल त्याला सांगायची. आईला त्रास व्हायला लागल्याबरोबर बाबांनी हातातलं सगळं टाकून तिला गाडीत घातलं. एक मिनिट घालवलं नाही. हे तिला आईनेच सांगितलं होतं.

यंदाच्या बैठकीला मुलगीही आली होती, काकूंना गाडीतून घेऊन. काकूंना त्या खोलीत बसायला आवडायचं, सगळे मोठमोठ्याने बोलायचे म्हणून. त्या दिवशी मात्र कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कवळी चारशे अडतीसच्या पाचांपैकी तीन वेलांवर धरलेले छोटे भोपळे पिवळे न होता राखाडी-हिरवे झाले होते. त्या वंशात कुणी हिरवं नव्हतं. बेकरीवाला म्हणाला, माझा पिवळा आहे हो, माझ्याकडे बघू नका. पण त्याचाही चेहरा उतरला होता. बेकरीच्या मागे त्याला एका वेलापुरतीच जागा, तीही गाडी रस्त्यावर उभी करून काढलेली. त्यावरून घरात रोज बोलणी खायचा तो, निव्वळ या बियांसाठी.

मास्तरीणबाईंनी दोन गोष्टी मांडल्या. एक, आजी-पणजीच्या वेळचं दडलेलं काहीतरी एखाद्या पिढीत डोकं वर काढतं, तसं असेल. तसं असलं तर वंश शुद्धच, हिरव्यांसकट. दोन, त्या सकाळी दोरा सैल असेल आणि काकांच्या आधी माशी जाऊन आली असेल. त्यांनी वही उघडून नोंद वाचली. तारीख वाचली, आणि वेळ वाचली, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

मुलगी मागे बसली होती. तिने तारीख पुन्हा विचारली. मग म्हणाली, “ही वेळ चुकली असणार. त्या सकाळी सहाला दहा कमी असताना आईला त्रास सुरू झाला, आणि सहा दहाला बाबा तिला घेऊन दवाखान्यात होते. तारीख मी विसरेन का?”

सगळ्यांचे चेहरे मऊ झाले, सुटका झाल्यासारखे. अरेरे, त्याच दिवशी होय, असं कुणीतरी म्हणालं. मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, काका, कुणी तुम्हाला बोल लावणार नाही. घरावर असं संकट आल्यावर फुलाकडे कोण बघणार. दुपारी येऊन जे उरलं ते केलंत आणि रोजच्यासारखी वेळ टाकलीत, होतं असं. आपण ही नोंद रद्द करू. बेकरीवाल्याने मान डोलावली आणि उद्या सकाळी वेल काढून टाकतो म्हणाला, निदान गाडी तरी आत येईल.

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. हो म्हणून.

आता त्या सकाळी काय झालं ते सांगायला हवं, कारण ते एकट्या काकांना पुरतं ठाऊक होतं. सहाला दहा कमी असताना काकू मागच्या दारात आल्या. एका हाताने दुसरा हात धरून. म्हणाल्या, हा जड झालाय, वेणी घालता येत नाहीये. काका वेलाजवळ उकिडवे बसले होते. दोरा सोडला होता, पण फूल अजून पुरतं उघडलं नव्हतं. ते म्हणाले, झोपेत अंगाखाली दबला असेल, बस जरा, एवढं करून आलोच. काकू आत जाऊन पलंगाच्या कडेला बसल्या. काका तिथेच थांबले, पाकळ्या उघडायची वाट बघत. मग पराग लावले, फूल बांधलं, कागदावर वेळ लिहिली. सहा दहा. वीस मिनिटं.

एवढंच असतं तर काकांनी ते कधीतरी सांगून टाकलं असतं. पण दारात उभ्या असलेल्या काकूंच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली आला होता, हे त्यांनी बघितलं होतं. अडतीस वर्षं दुसरं काय बघितलं होतं त्यांनी? बघितलं, काहीतरी भलतं झालंय हे कळलं, आणि फुलाकडे मान वळवली. का वळवली याचं उत्तर त्यांना दोन वर्षांत सापडलं नव्हतं. फूल एकाच सकाळी उमलतं हे कारण होतं, उत्तर नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी सुरू झाला, तेव्हा काकांनी सांगितलं सव्वासहाला. अख्ख्या जन्मात मापात केलेली पहिली लबाडी. फुलाच्या कागदावर खरी वेळ होती, दवाखान्याच्या कागदावर खोटी, आणि मुलीच्या तोंडची ती हकीकत नि फुलाचा कागद कधी एका खोलीत येतील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आली, आणि बघा कशी आली. जगाने काकांना ऐतं घालून दिलं होतं, खोटी हकीकत खरी धरा आणि खरा कागद खोटा. त्यात त्यांची अब्रूही जात नव्हती, उलट चांगला नवरा म्हणून चार माणसांत मान वाढत होता. जाणार होत्या फक्त बिया. परतताना गाडीत मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही तरी काय, सांगून टाकायचं ना तेव्हाच. काका खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर मुलीने चहा टाकला. संध्याकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर आलं होतं. काकूंनी डाव्या हाताने कप पुढे ओढला आणि बशीत चहा ओतता ओतता, जसं काही दुधाचा हिशेब विचारतायत अशा आवाजात काकांना विचारलं,

“तुम्ही मान का हलवलीत? वेळ खरी आहे की.”

मुलीच्या हातात गाळणं होतं. ते तसंच राहिलं.

काकू तिला म्हणाल्या, “मी पलंगावर बसले होते. समोर घड्याळ होतं. बाबा आत आले तेव्हा सव्वासहा झाले होते. त्याआधी ते मागे होते, फुलापाशी.”

मुलगी आईकडे बघत राहिली, मग बापाकडे. तिने विचारलं की मग ते सगळं, हातातलं टाकून वगैरे, ते कुठून आलं. काकूंनी सांगितलं की ते त्यांनी रचलं. तू तेव्हा भडकलेली होतीस, म्हणाल्या, येतानाच भांडायला कारण शोधत होतीस. तुला खरं सांगितलं असतं तर बापाशी बोलली नसतीस, आणि मला तेव्हा तुम्ही दोघंही हवे होतात. एकाने उचलायचं होतं आणि एकाने धरायचं होतं.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच होतं ते. ती काकांना काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी तिला थांबवलं. त्या म्हणाल्या, “त्यांना काय माहीत काय होतंय ते? मी म्हणाले हात जड झालाय. त्यांना वाटलं, दबला असेल. मलाही तसंच वाटलं होतं. याच्यात कुणाची चूक नाही. मी ते कधीच मनातून काढून टाकलंय. पण म्हणून ती वेळ खोडायची नाही. माझा हात गेला ना त्या वेळात? मग ती वेळ झालीच नव्हती असं कसं म्हणता तुम्ही?”

हे ऐकून काकांच्या जिवात जीव यायला हवा होता. दोन वर्षं छातीवर होता तो दगड बायकोने आपण होऊन उचलला होता, आणि त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. मुलगीही थोडी सैल झाली होती, ते तिच्या जबड्यावरून काकांना दिसलं. वाचनालयात मान हलवून जमलं होतं, इथे तर मानही हलवायला नको होती. पण काकूंनी ते इतकं सरळ सांगितलं होतं, इतक्या विश्वासाने, की काकांना तो विश्वास सहन होईना. क्षमा केली होती ती दुसऱ्याच कुणाला तरी, ज्याला काही कळलं नव्हतं अशा एका भोळ्या माणसाला. त्या भोळ्या माणसाच्या जागी बसून चहा पिणं काकांना शक्य नव्हतं.

ते म्हणाले, “मला कळलं होतं.”

काकूंना नीट ऐकू गेलं नाही असं वाटून ते पुन्हा म्हणाले, “तुझं तोंड एका बाजूला उतरलं होतं. मी दारातच बघितलं. मला कळलं की हे दबलेल्या हाताचं नाही. मला कळलं, आणि मी फूल उघडायची वाट बघत बसलो.”

शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला, बादली भरत आल्याचा आवाज होईपर्यंत तो ऐकू येत होता.

“वीस मिनिटं?” मुलीने विचारलं.

“वीस मिनिटं. आणि डॉक्टरांना मी सव्वासहा सांगितलं. ते पण खोटं.”

मुलगी उठली आणि मागचं दार उघडून पायरीवर जाऊन उभी राहिली, पाठमोरी. काका तिच्या मागे गेले नाहीत. त्यांनी काकूंकडे बघितलं, आणि फार वर्षांनी कुणाच्या तरी तोंडाकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं. काकूंच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या काकांना निरखत होत्या, हा माणूस आपल्याला पूर्वी कुठे भेटलाय का ते आठवत असल्यासारख्या.

त्या म्हणाल्या, “मला वाटायचं, तुम्हाला कळलं नव्हतं.”

“हो.”

“त्या एका गोष्टीवर मी सगळं उभं केलं होतं.”

माफ कर म्हणावंसं काकांना वाटलं, पण ते म्हटलं की लगेच तिच्यावर उत्तर द्यायची पाळी येणार, एवढं त्यांना समजत होतं. म्हणून ते शब्द त्यांनी तोंडातच ठेवले. काकूंनी बशी बाजूला सारली. चहावर साय धरली होती.

“याचं मी काय करायचं, ते मला आज माहीत नाही,” काकू म्हणाल्या. “उद्याही कळेल असं नाही. तुम्ही मला विचारू नका. पण तो माणूस सकाळी वेल उपटणार आहे. त्याला फोन करा.”

काका उठले. फोन दिवाणखान्यात होता, तिथून स्वयंपाकघरात सगळं ऐकू जातं. त्यांनी बेकरीवाल्याचा नंबर लावला. तिकडे भट्टीपाशी गडबड होती, बेकरीवाला ओरडूनच बोलत होता. काका म्हणाले, वेल काढू नका. नोंद बरोबर आहे. गाठ मी बांधली, मीच सोडली, माशी आत गेलेली नाही. हिरवे आलेत ते आजीकडून आले असतील, पण वंश शुद्ध आहे. मास्तरीणबाईंना मी आत्ताच सांगतो.

बेकरीवाला खूश झाला, मग त्याला शंका आली. त्याने विचारलं, पण काका, त्या सकाळी तर तुम्ही काकूंना घेऊन दवाखान्यात होतात ना? तुमची मुलगीच म्हणाली.

काकांनी वळून बघितलं. मुलगी पायरीवरून आत आली होती आणि दाराच्या चौकटीत उभी होती. तिच्या मागे टेबलाशी काकू बसल्या होत्या, डाव्या हातात उजवा हात धरून, आणि दोघी त्यांच्याकडेच बघत होत्या. भट्टीजवळच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून काकांना आवाज चढवावा लागला.

“आधी फूल बांधलं,” ते म्हणाले. “मग तिला नेलं.”